लसणाच्या नूडल्स: मोजक्या सामानात, वीस मिनिटांत

या नूडल्सची चव सॉसच्या बाटल्यांवर ठरत नाही, लसूण कसा तळला यावर ठरते. सोया सॉस, साखर, थोडं बटर आणि भरपूर लसूण एवढ्यावर दोघांचं पोटभर जेवण होतं. त्यामुळे पैसे वाचवायचे असतील तर बाटल्या कमी करा, लसूण कमी करू नका.

बटर पाहून कुणी नाक मुरडलं तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. गार्लिक नूडल्स म्हणून आज ओळखला जाणारा हा पदार्थ सॅन फ्रान्सिस्कोतल्या व्हिएतनामी स्थलांतरितांच्या स्वयंपाकघरात १९७०च्या दशकात घडला. बटर त्यात पहिल्यापासून आहे आणि इटालियन स्पॅगेटीही त्यात सर्रास चालते. म्हणजे ‘अस्सल’ नूडल्सच्या शोधात फिरण्याची काही गरज नाही.

सामान, दोघांसाठी

सुक्या गव्हाच्या नूडल्स किंवा स्पॅगेटी २०० ग्रॅम. लसणाच्या १२ मध्यम पाकळ्या, सोलून साधारण ४० ग्रॅम. उग्र वास नसलेलं कोणतंही तेल ३ मोठे चमचे, बिनमिठाचं बटर २० ग्रॅम. सोया सॉस दीड मोठा चमचा, ऑयस्टर (शिंपल्यांचा) सॉस १ मोठा चमचा, साखर दीड लहान चमचा, मिरपूड अर्धा लहान चमचा. पातीच्या कांद्याच्या ३-४ काड्या. तिळाचं भाजकं तेल असेल तर अर्धा लहान चमचा, नसेल तरी अडत नाही. मोठा चमचा म्हणजे १५ मिली, लहान चमचा म्हणजे ५ मिली, तोही सपाट भरलेला.

ऑयस्टर सॉस नसेल किंवा शाकाहारी हवं असेल तर मशरूमचा सॉस तेवढ्याच मापाने घ्या. तोही नसेल तर सोया सॉस अर्धा मोठा चमचा वाढवा, साखर अर्धा लहान चमचा वाढवा आणि त्यात पाव लहान चमचा कॉर्नफ्लोअर मिसळा. ऑयस्टर सॉसचा दाटपणा आणि गोडवा यातून बराचसा भरून निघतो. एकच बाटली घ्यायची असेल तर ती साध्या, म्हणजे लाइट सोया सॉसची घ्या. लाइट म्हणजे रंगाने फिका; मीठ त्यात कमी नसतं. डार्क सोया मुख्यतः रंगासाठी असतो. हवाच असेल तर अर्धा लहान चमचा पुरे.

एका मोठ्या चमचा सोया सॉसमध्ये सव्वादोन-अडीच ग्रॅम मीठ असतं, म्हणून नूडल्स उकळताना पाण्यात मीठ घालू नका. बटर खारं असेल तर सोया सॉस अर्धा लहान चमचा कमी करा.

नूडल्स

पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी नूडल्स काढायच्या, कारण उरलेलं शिजणं सॉसमध्ये होतं. २०० ग्रॅमला दोन लिटर पाणी खळखळून उकळलेलं हवं. गाळण्याआधी पेलाभर पाणी बाजूला काढा. त्यातला स्टार्च पुढे तेल आणि सॉस एकत्र बांधून ठेवतो. नूडल्स थंड पाण्याखाली धुऊ नका; धुतल्या की तो स्टार्च वाहून जातो आणि सॉस त्यांच्यावरून घसरतो. ताज्या, पीठ भुरभुरलेल्या नूडल्स मात्र याला अपवाद. त्या शिजल्यावर एकदा गरम पाण्यातून काढाव्यात, नाहीतर वरचं पीठ चिकट होतं.

घरात फक्त स्पॅगेटी असेल तर तिला आशियाई नूडल्ससारखा चिवटपणा आणता येतो. उकळत्या पाण्यात दर लिटरला एक लहान चमचा खाण्याचा सोडा घाला. पाणी अल्कधर्मी झालं की ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, घट्ट होतं, स्पॅगेटीला किंचित पिवळसर रंग येतो आणि ती दाताखाली लवचीक लागते. सोडा चिमटीचिमटीने टाका, कारण फेस भसकन वर येतो. भांडंही काठापासून चार बोटं मोकळं ठेवा. मापापेक्षा जास्त सोडा पडला तर साबणासारखी चव येते. या पद्धतीत स्पॅगेटी गरम पाण्याने पटकन विसळून घ्या आणि सॉसमध्ये उकळीचं पाणी न घालता साधं गरम पाणी वापरा. सोड्याचं पाणी सॉसमध्ये गेलं की सगळी मेहनत वाया जाते.

इन्स्टंट नूडल्स सगळ्यात स्वस्त पडतात आणि चांगल्याही होतात. मसाल्याची पुडी बाजूला ठेवा, दोन मिनिटांत बाहेर काढा. बहुतेक इन्स्टंट नूडल्स आधीच तळलेल्या असतात, म्हणून सॉस करताना लसणाचं तेल एक चमचा कमी घ्या. तांदळाच्या चपट्या नूडल्स वापरायच्या असतील तर त्या उकळू नका, गरम पाण्यात वाकण्याइतक्या मऊ होईपर्यंत भिजवा. जोरात परतल्या तर त्यांचा भुगा होतो, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने गव्हाच्याच घ्याव्यात.

लसूण

इथे घाई चालत नाही. वीसपैकी सहा-सात मिनिटं यातच जातात आणि ती द्यायलाच हवीत.

लसूण सुरीने साधारण दोन मिलिमीटरचा, शक्य तितका एकसारखा चिरा. मिक्सरमधली पेस्ट इथे दोन कारणांनी नको. लसणाच्या पेशी जितक्या जास्त फुटतात तितकं अ‍ॅलिसिन हे तिखट वासाचं द्रव्य जास्त तयार होतं आणि वास उग्र, झोंबणारा होतो. शिवाय पेस्टमधलं पाणी आटायच्या आत ती तळाला चिकटून करपते. चिरलेल्या लसणातही बारीक भुकटी आणि जाड तुकडे मिसळलेले असले तर भुकटी काळी पडेपर्यंत जाड तुकडे कच्चेच राहतात.

चिरलेल्या लसणाचे दोन भाग करा, एक तीन चतुर्थांश, दुसरा एक चतुर्थांश. तेल कडकडीत तापवून त्यात लसूण टाकायची सवय इथे बाजूला ठेवा. गार कढईत तीन चमचे तेल आणि मोठा भाग लसूण एकत्र घाला, मग मंद आच लावा. आच चालू करण्याआधीच स्टीलच्या वाटीवर गाळणी ठेवून तयार राहा.

पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही असं वाटेल. मग बारीक बुडबुडे एकसारखे येऊ लागतात. लसणातलं पाणी बाहेर पडत असतं. या काळात ढवळत राहा, म्हणजे तुकडे एकमेकांना चिकटत नाहीत. बुडबुडे मंदावले की पाणी संपत आलं, आणि इथून रंग झपाट्याने बदलतो. लसणात फ्रुक्टन नावाची साखरयुक्त कर्बोदकं भरपूर असतात, म्हणून सोनेरी आणि करपलेला यांत काही सेकंदांचंच अंतर असतं. गवताच्या सुकलेल्या काडीसारखा फिका पिवळा रंग आला की लगेच गाळणीत ओता. बाहेर काढल्यावरही तो अर्धा मिनिट शिजत राहतो आणि आपोआप सोनेरी होतो. कढईतच सोनेरी दिसेपर्यंत थांबलात तर वाटीत तो तपकिरी होतो.

तुकडे कागदावर पसरा, ते कुरकुरीत होतील. गाळलेलं तेल हीच या पदार्थाची खरी चव.

लसूण गडद तपकिरी झाला असेल तर तो आणि तेल दोन्ही टाकून द्या. कडवटपणा तेलात उतरतो आणि साखर, लिंबू, सोया कशानेही झाकला जात नाही. बारा पाकळ्या गेल्याचं वाईट वाटतं, पण कडू नूडल्स कुणी खात नाही.

एकत्र करताना

सोया सॉस, ऑयस्टर सॉस आणि साखर आधीच वाटीत कालवून ठेवा. तापलेल्या कढईसमोर उभं राहून बाटल्यांची झाकणं उघडायला वेळ मिळत नाही.

गाळलेलं तेल कढईत परत घाला, बटर घालून मंद आचेवर वितळवा. लसूण बटरमध्येच तळायचा मोह टाळा. बटरमधला दुधाचा अंश तेलाच्या आधी करपतो, म्हणून ते शेवटीच येतं. आता राखून ठेवलेला कच्चा लसूण घाला आणि फक्त तीस सेकंद परता. तळलेल्या लसणातून गोड, खमंग चव येते. कच्चेपणा नुकताच गेलेल्या लसणातून वास येतो. दोन्ही मिळून लसणाची पूर्ण चव लागते, आणि एकाच टप्प्यात सगळा लसूण घातला की यातलं एक हुकतं.

लगोलग कालवलेला सॉस आणि नूडल्सचं चार मोठे चमचे पाणी घाला. आच वाढवा, अर्धा मिनिट उकळू द्या, मग नूडल्स घाला आणि चिमट्याने उचलत, उलटत एक-दीड मिनिट परता. सॉस तळाला न साचता नूडल्सवर चकाकू लागला की झालं. आच बंद करून तिळाचं तेल, मिरपूड, चिरलेली पात आणि कुरकुरीत लसणातला अर्धा भाग मिसळा. उरलेला वरून पेरा, म्हणजे तो मऊ पडत नाही. तिळाचं भाजकं तेल आचेवर घालू नका, त्याचा वास उडून जातो.

एका वेळी दोघांपुरतंच करा. चौघांच्या नूडल्स एका कढईत घातल्या तर वाफ कोंडते, खालच्या लगदा होतात आणि वरच्या कोरड्या राहतात.

बिघडलं तर

ताटलीत तेल वेगळं सुटलं तर पाणी कमी पडलं आहे. दोन चमचे गरम पाणी घालून जोरात परता, तेल पुन्हा बांधलं जाईल. नूडल्सचा गोळा झाला असेल तर त्या सॉसच्या आधी शिजून वाट पाहत बसल्या. पुढच्या वेळी लसूण गाळून झाल्यावरच नूडल्स पाण्यात सोडा. खारट झालं तर पाणी ओतून सुधारत नाही, उलट नूडल्स भिजतात. उकडलेल्या बिनमिठाच्या भाज्या किंवा आणखी नूडल्स मिसळा. फिकं लागलं की बहुतेक जण आणखी लसूण घालतात, पण बहुतेकदा कमी पडलेला असतो आंबटपणा. लिंबाचे किंवा व्हिनेगरचे चार थेंब घालून आधी चाखा. आंबटामुळे लसूण कधी हिरवट-निळा पडतो. तो खायला सुरक्षित असतो.

कोबी, गाजर, अंडं, टोफू काहीही चालतं, दोघांच्या मापात १५० ते २०० ग्रॅमपर्यंत. फक्त ते आधी वेगळं, मोठ्या आचेवर परतून बाजूला ठेवा. कच्चा कोबी नूडल्सबरोबरच टाकला तर त्याचं पाणी सुटून सॉस पातळ होतो. जुनं, कडक चीज किसून घालायचं असेल तर २० ग्रॅम पुरे, आणि सोया सॉस अर्धा मोठा चमचा कमी करा.

लसणाचं तेल जास्तीचं करून ठेवायची कल्पना चांगली आहे, पण ती बाटली ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि लसणात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे, हवेशिवाय वाढणारे जिवाणू असू शकतात. ते वाढले तरी वास किंवा रंग बदलत नाही. तेल फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा किंवा छोट्या भागांत फ्रीझरमध्ये गोठवा. उरलेल्या नूडल्स झाकून फ्रीजमध्ये ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी कढईत दोन चमचे पाणी घालून झाकण ठेवा, दोन मिनिटांनी झाकण काढून परता आणि कुरकुरीत लसूण तेव्हाच घाला.