आरएसव्हीच्या इंजेक्शनचा हिशेब मांडायला बसण्याआधी

आरएसव्ही म्हणजे लहान बाळांच्या फुप्फुसांना धरणारा विषाणू. तो रोखणाऱ्या इंजेक्शनवरचा खर्च टळलेल्या भरत्यांच्या मानाने परवडतो का, हा हिशेब. दवाखान्यातल्या भरतीचे जुने कागद काढा, हे वेगळं सांगत नाही. आधी बाळं वेगळी करा: कमी दिवसांची, फुप्फुसाचा जुनाट आजार असलेली, हृदयात जन्मजात दोष असलेली. सगळ्यांना एकच टक्का लावायचा नाही. पॅलिव्हिझुमॅब या इंजेक्शनच्या १९९८च्या चाचणीत आरएसव्हीमुळे दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण १०.६ टक्क्यांवरून ४.८वर आलं. हृदयदोषाच्या मुलांची चाचणी वेगळी, २००३ची. तिथे भरतीत घट ४५ टक्के.

आता व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली. खर्च मिलिग्रॅमवर नाही, व्हायलवर मोजा. आपल्या मागच्या हिशेबाचा तक्ता इथेच आडवा झाला. पॅलिव्हिझुमॅबचा डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे ३.६ किलोच्या बाळाला ५४. व्हायल येते ५०ची किंवा १००ची. वरच्या ४ मिलिग्रॅमसाठी ५०ची दुसरी फोडायची आणि ४६ टाकून द्यायचे. पैसे मात्र १००चे. उरलेलं दुसऱ्या बाळाला देऊ, असं कुणीतरी म्हणेलच. व्हायल एका बाळासाठीची आहे. ती बचत कागदावर दाखवू नका. शिवाय डोस महिन्याला एक, असे पाच, आणि बाळ वाढत असतं. पहिल्या वजनाला पाचने गुणायचं नाही! दर महिन्याचं वजन आणि त्यापुढे फुटलेल्या व्हायल, हा रकाना हवा म्हणजे हवाच. शेजारी निर्सेव्हिमॅब हे आरएसव्हीचंच दुसरं इंजेक्शन ठेवणार असाल तर जास्तच हवा. त्याचा एकच डोस, ५ किलोच्या आत ५० मिलिग्रॅम, भरलेल्या सिरिंजमध्ये. एक औषध मिलिग्रॅमवर आणि दुसरं सिरिंजवर मोजलं तर तुलना खोटी.

भाजक सांभाळा. सोलापुरात भरती झालेलं बाळ जिल्ह्यातलंच असेल असं नाही. तुळजापूर, नळदुर्ग, इंडीकडूनही येतात. सगळ्या भरत्यांना जिल्ह्यातल्या जन्मांनी भागलंत की धोका फुगतो. घरचा खर्च आईलाच विचारा. विडी वळणारीला मजुरी हजार विड्यांवर मिळते. बाळापाशी बसली की ती मजुरी गेली. पगारी रजेचं सूत्र तिला लावून काय उपयोग?

हंगाम दिल्लीच्या थंडीवरून उचलू नका, आपल्याकडचा पावसाळा बघा. मृत्यू टळल्याचे आकडे घुसडू नका, त्या चाचण्या भरती मोजत होत्या. पुढच्या वर्षांच्या फायद्याला डिस्काउंट ३ टक्के, म्हणजे आजच्या किमतीत आणताना वर्षाला तेवढा कमी धरायचा. किंमत, वजन, भरतीचं प्रमाण खालीवर करून परत मोजा. व्हायलचा आकारही, हो. खर्च कुणाच्या खिशातला धरलाय ते पहिल्याच ओळीत लिहा.