पुरात मोबाइल बंद पडल्यावर रेडिओचं जाळं कसं उभारावं

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा विजेपाठोपाठ मोबाइलही गेले. अशा वेळी टॉवर बहुधा जागेवर उभाच असतो. त्याची बॅटरी संपलेली असते आणि जनरेटरला डिझेल घेऊन जायला रस्ता नसतो. नेटवर्क येईपर्यंत मदतकार्याचे निरोप हॅम रेडिओवर, म्हणजे परवानाधारक हौशी मंडळींच्या बिनतारी संचांवर, चालवता येतात. उदाहरणाला चिपळूणच घेऊ.

आधी परवाना. हॅम व्हायला केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. वयाची बारा वर्षं पूर्ण असली की देता येते. हे काम पावसाळ्याच्या बरंच आधी उरकायचं. ऑनलाइन मिळणारी बहुतेक स्वस्त वॉकीटॉकी परवान्याशिवाय वापरणं बेकायदा आहे. परदेशातून आणलेला सॅटेलाइट फोनही परवानगीशिवाय चालत नाही. मदतीला म्हणून जाल आणि पोलीस ठाण्यात बसाल.

जागा ठरवा. एक सेट तहसील कार्यालयाच्या नियंत्रण कक्षात, एकेक प्रत्येक छावणीवर, एक बोटींच्या धक्क्यावर. नवखे हॅम गच्चीवर जाऊन बसतात, कारण तिथे सिग्नल छान मिळतो. पण निर्णय खालच्या टेबलावर होतात. अँटेना वर बांधा, केबल खाली सोडा आणि सेट तहसीलदारांच्या शेजारी ठेवा.

गावातला संपर्क. हा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, त्यामुळे पाच वॅटचा हँडी, म्हणजे हातातला सेट, इमारतींच्या गर्दीत दोन-तीन किलोमीटरवरच दमतो. मग उंचावर एक माणूस हवा. परशुरामच्या डोंगरावर जिथून शहर दिसतं तिथे, दरडीपासून लांब, गाडीतल्या सेटवर एकाला बसवा. तो खालचे निरोप ऐकून पुन्हा बोलेल. पहिल्या दिवशी रिपीटर, म्हणजे निरोप आपोआप पुढे पाठवणारं यंत्र, उभारण्याच्या खटपटीपेक्षा हे बरं.

जिल्ह्याबाहेर. पुणे-साताऱ्याकडे मध्ये सह्याद्री आडवा. इथे ७ मेगाहर्ट्झचा पट्टा आणि मुद्दाम कमी उंचीवर बांधलेला डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली तारेची अँटेना, कामाला येतो: लहरी सरळ वर जातात, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, म्हणजे आयनमंडलावरून परततात आणि दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात उतरतात. डोंगराचा प्रश्नच मिटतो. तारेची लांबी मीटरमध्ये काढायला १४३ ला मेगाहर्ट्झने भागा. ७.१ साठी सुमारे २०.१ मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा. वीतभर जास्तच कापा आणि एसडब्ल्यूआर मीटर (तार सेटशी किती जुळते ते दाखवणारा) बघत छाटत या. मधला भाग पाच-सहा मीटरवर, टोकं नायलॉनच्या दोरीने खाली, पण कुणाचा हात लागणार नाही अशी. विजेच्या तारांच्या आसपास अजिबात नको, आणि गडगडाट सुरू झाला की केबल सेटपासून काढून ठेवा. रात्री हा पट्टा जवळच्या अंतराला दगा देतो, त्यासाठी ३.६ मेगाहर्ट्झची, जवळपास दुप्पट लांबीची तारही तयार असू द्या.

वीज. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी पुरते. शंभर वॅटचा सेट बोलताना वीसेक अँपिअर ओढतो, ऐकताना एखादा. म्हणून वीस-पंचवीस वॅटवर भागत असेल तर तेवढ्यावरच भागवा. फ्यूज बॅटरीलगत.

निरोप. जाळं बिघडतं ते बहुतेक इथेच. नियंत्रण कक्षातला एकच हॅम नेट कंट्रोल, म्हणजे जाळ्याचा सूत्रधार. तो सांगेल तेव्हाच इतरांनी बोलायचं. प्रत्येक निरोप आधी कागदावर: क्रमांक, वेळ, कुणाकडून, कुणाला, मजकूर. ‘पाणी पाठवा’ हा निरोप नव्हे. ‘शाळेतली छावणी, माणसं १७०, पिण्याचं पाणी संध्याकाळपर्यंतच, टँकर मागच्या फाटकाने येऊ शकतो’ हा निरोप. ऐकणाऱ्याने तो पुन्हा वाचून दाखवायचा. खरखरीत सतरा आणि सत्तर सारखेच वाटतात. ‘एक-सात’, ‘सात-शून्य’ असं सुटं बोला. जिवावरचं असेल तर सुरुवातीलाच ‘तातडीचं’ म्हणा, बाकी सगळे गप्प बसतील. हे बोलणं कुणीही ऐकू शकतं, त्यामुळे मृतांची नावं हवेत जाता कामा नयेत.

आवरताना. मोबाइलवर दांड्या दिसू लागल्या म्हणून लगेच गाशा गुंडाळू नका. दांड्या दिसतात, फोन लागत नाही. प्रत्येक छावणीने नियंत्रण कक्षाला फोन लावून बोलून दाखवल्यावरच रेडिओचं जाळं बंद करा, आणि निरोपांची वही सहीनिशी तहसीलमध्ये द्या.