पावसाळ्याआधी शाळेचं छप्पर दुरुस्त करून घ्यायचं तर

मावळ, मुळशी, वेल्ह्याच्या पट्ट्यात जूनमध्ये छप्पर गळायला लागलं की मग धावपळ करून उपयोग नसतो. तयारी जानेवारीत सुरू करा.

आधी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे समितीत किमान 75 टक्के पालक आणि 50 टक्के महिला हव्यात. बैठक दुपारी ठेवली तर सह्या होतात, माणसं येत नाहीत. संध्याकाळी धारा काढून झाल्यावर ठेवा. आठवडे बाजाराचा दिवस टाळा. निरोप मुलांच्या वहीत लिहून द्या, पण आयांना घरी जाऊन सांगा; त्यानं जास्त फरक पडतो.

ठरावात ‘शाळा दुरुस्ती’ एवढंच लिहू नका. त्यातून अंदाजपत्रक निघत नाही. ‘दुसरीच्या वर्गाचे पश्चिमेकडील 6 पत्रे फुटले, जे-हुक (पत्रे धरणारे लोखंडी आकडे) गंजले’ असं मोजून लिहा, फोटो जोडा. हा ठराव 26 जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवा, इतिवृत्तात नोंद करून घ्या आणि ठरावासोबत दुरुस्तीचा अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर ग्रामपंचायतीची पोच घ्या. पोच नसेल तर पाठपुरावा कशाच्या जोरावर करणार?

गावकरी पत्रे, सिमेंट देतात, कुणी अंगमेहनत देतं. वस्तूची पावती त्याच दिवशी द्या, डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, चढवा, फळ्यावर नाव लिहा. हिशेब उघडा नसला की पुढच्या वर्षी हात आखडतात, आणि ते बरोबरच आहे.

काम मे महिन्यात संपवा. भातलावणी सुरू झाली की गावात मोकळा माणूस सापडत नाही.