तारा लावून नाशकात आलेल्या पोरांसाठी

सिडकोतल्या आमच्या घरावर एक खोली आहे. दर जून-जुलैत तिथं कोणीतरी नवं पोरगं राहायला येतं, बहुतेक आपल्याच खान्देशातलं. यंदा आलेल्याच्या तोंडात दात सरळ करायच्या तारा आहेत. रात्री अकराला मेसवरून येतो, मोबाइल बघत आडवा होतो आणि दात न घासता तसाच झोपतो. २०१२ साली मीही हेच करायचो. त्याला तोंडी सांगून झालं, आता लिहूनच ठेवतो.

गावाकडे तारा बसवल्या असतील तर निघायच्या आधी डॉक्टरांकडून फाइल मागून घ्या. एक्स-रे, दातांचे फोटो, ठसे, आजवर भरलेल्या पैशांच्या पावत्या, सगळं. आणि इथं आल्यावर पंधरा दिवसांत नाशकातला डॉक्टर धरा. साधा दातांचा डॉक्टर नाही, ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावून दात सरळ करणारा. दुसऱ्याने अर्ध्यावर सोडलेलं काम घ्यायला काहीजण नाखूश असतात, पैसेही वेगळे मागतात. तरी धरा.

मी चोपड्याकडचा, म्हणून हक्काने बोलतो. आपली माणसं नाशिकला फलाट समजतात. दहा वर्षं इथं राहतील, पण केस कापायला गावी जातील. दातांचंही तेच, 'अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलो की दाखवतो.' मी दिवाळीला तार घट्ट करून आलो तो थेट अखाजीलाच गेलो. मध्ये पाच-सहा महिने, आणि जायचं असतं दर चार ते सहा आठवड्यांनी. तेवढ्यात खालच्या डाव्या दाढेवरची रिंग, म्हणजे दाढेभोवती सिमेंटने बसवलेली धातूची कडी, सैल झाली होती. जीभ लावली की किंचित हलायची, सकाळी त्या बाजूला कुजकट चव यायची. दुखत नव्हतं म्हणून मी गप्प. रिंगच्या आतलं सिमेंट सुटलं की त्या फटीत अन्न साचतं, ब्रश तिथं पोचतच नाही, आणि दाढ झाकल्या झाकल्या किडत जाते. डॉक्टरांनी रिंग काढली तर खाली तपकिरी खड्डा. रूट कॅनल आणि कॅप मिळून ९,००० रुपये गेले, तेव्हा माझा महिन्याचा पगारही तेवढा नव्हता. सुट्टी नाही म्हणू नका. माझ्या कंपनीला सुट्टी शनिवारी असायची आणि शनिवारी दवाखाने उघडे असतात. फक्त दुपारी जाऊ नका, बरेच बंद असतात. नाशिककर दुपारची झोप सोडत नाही.

आता घासण्याचं. डॉक्टर हे पहिल्याच दिवशी दाखवतात, आणि त्या दिवशी तोंड इतकं ठणकत असतं की डोक्यात काही शिरत नाही. दाताला चिकटवलेल्या ज्या छोट्या तुकड्यात तार अडकते ते ब्रॅकेट. मऊ ब्रश तिरका धरून आधी ब्रॅकेटच्या वर, हिरडीच्या कडेने. मग ब्रॅकेटवरून सरळ. मग खालच्या बाजूने. एकेका दाताला थांबायचं, झाडू मारल्यासारखं सरसर न्यायचं नाही. त्यानंतर इंटरडेंटल ब्रश. बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लू दिसतं ते. तारेच्या मागून, दोन ब्रॅकेटच्या मध्ये, एकदा वरून आणि एकदा खालून घालायचं. सुरुवातीला दहा मिनिटं लागतात. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये हा ब्रश मागितला तर मला टूथपिकची डबी मिळाली होती, तेव्हा दवाखान्यातूनच दोन-चार घेऊन ठेवा. टूथपेस्ट फ्लोराइडची असली की झालं, महागडी नको.

खोलीत सहा जण आणि बेसिन एक, दहा मिनिटं कोण उभं राहू देणार? मी गच्चीवरच्या टाकीच्या नळाला जायचो. हातात दाढीचा आरसा, मोबाइलची बॅटरी भिंतीवर टेकवलेली. उजेडात ब्रॅकेटभोवती पांढरट साय दिसते, ती दिसेनाशी होईपर्यंत घासायचं. ही साय महिनाभर जरी तशीच राहिली तरी त्याखाली दाताचं कॅल्शियम झिजून खडूसारखा डाग पडतो. तारा असेपर्यंत नीट कळत नाही. तारा निघाल्या की ब्रॅकेटच्या जागेभोवती पांढरी चौकट उरते. माझ्या वरच्या दोन्ही सुळ्यांवर अजून आहे. शिफ्टवाल्यांनो, तिसरी पाळी करून सकाळी आलात तर ती तुमची रात्र समजा. घासूनच झोपा.

खाण्याचं बघायचं तर मिसळ सोडायला मी सांगणार नाही. नाशकात राहून मिसळ नाही खायची तर आलात कशाला? पण शेव-फरसाण रश्श्यात भिजू द्या, पापड पार्टनरला द्या, आणि उठल्या उठल्या हात धुवायच्या नळावर चार चुळा जोरात खळखळा. हळदीने ब्रॅकेटवरची रबरं पिवळी पडतात. पारदर्शक रबर घेतलं तर आठवड्यात उसळीचा रंग येतो, म्हणून पुढच्या वेळी राखाडी किंवा गडद निळी मागा. ऊस, चिक्की, फुटाणे, सुपारी बंद. कणीस सोलून दाणे काढून. पेरू कापून, पण त्याच्या बिया तारेत अशा बसतात की मी तोच सोडला. द्राक्षं मात्र खुशाल खा, ब्रॅकेट तुटत नाही. आंबट-गोड असतात म्हणून लगेच चूळ भरा आणि ब्रश अर्ध्या तासाने करा. आंबट खाऊन लगेच घासलं तर दाताचं वरचं पांघरूण झिजतं. लिंबू-मीठ चोळून दात चमकवायचा सल्ला देणारा पार्टनर प्रत्येक खोलीत असतो, त्याचं ऐकू नका.

डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश रोज वापरू नका. दिवसाला पाच चहा पिणाऱ्याचे दात त्याने तपकिरी होतात, मग आई फोनवर विचारते तंबाखू कधीपासून.

पैशांची ओढाताण असेल तर पंचवटीत दंत महाविद्यालय आहे. शिकणारे डॉक्टर सरांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च कमी पडतो, वेळ मात्र जास्त जातो. डबा घेऊन जा.

तार गालात टोचली तर नेलकटरने कापायच्या भानगडीत पडू नका. तारांवर लावायचं मऊ मेण मिळतं, त्या वॅक्सचा वाटाण्याएवढा गोळा करून त्या टोकावर दाबा, सकाळी दवाखाना गाठा. ब्रॅकेट सुटलं तर एखादा दिवस इकडे-तिकडे चालेल. दाढेवरची रिंग हलली तर चालणार नाही. त्याच दिवशी फोन करा, दुखत नसलं तरी.