हात एकीकडे, पहारा दुसरीकडे: एबीबी रोबोवर दुसरं टास्क कसं चालवावं

रोबो माल उचलतोय आणि त्याच वेळी हवेच्या दाबावरही नजर ठेवायची आहे. मुख्य प्रोग्रॅममध्ये दर दोन ओळींनी दाब तपासत बसलात, तर त्याची खिचडी होते. पहाऱ्याचं काम वेगळ्या टास्कला, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमच्या जोडीने चालणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमला द्या. उदाहरण एबीबीच्या आयआरसी५ कंट्रोलरचं घेऊ.

आधी कंट्रोलरवर ६२३-१, म्हणजे मल्टिटास्किंगचा ऑप्शन आहे का, हे फ्लेक्सपेंडंटच्या (रोबो चालवायच्या हातातल्या पॅनेलच्या) सिस्टिम इन्फोमध्ये पाहा. तो नसेल तर पुढचं काहीच जमणार नाही. एक इनपुट नुसताच एका आउटपुटला जोडायचा असेल, तर टास्कचा घाट कशाला? क्रॉस कनेक्शन, म्हणजे प्रोग्रॅम न लिहिता सिग्नल जोडायची सेटिंग, पुरतं.

बॅकअप घ्या. मग रोबोस्टुडिओच्या (एबीबीच्या पीसीवरच्या सॉफ्टवेअरच्या) कॉन्फिगरेशनमध्ये कंट्रोलर, त्याखाली टास्क उघडून नवी ओळ जोडा. नाव, समजा, टी_पहारा. मोशन टास्क ‘नो’, कारण हात हलवायचा हक्क टी_रॉब१ या मुख्य टास्कचाच. टाइप सध्या ‘नॉर्मल’ ठेवा. कंट्रोलर रीस्टार्ट केल्यावर टास्क दिसू लागेल. अशी एकूण २० टास्क चालतात, पण दोन-तीनच्या पुढे गेलात तर आधी मांडणी तपासा.

नव्या टास्कच्या मेन या मुख्य रूटीनमध्ये न संपणारा व्हाइल लूप लिहा: दाबाचा सिग्नल वाचा, निकाल एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, पुन्हा वर जा. लूपमध्ये वेटटाइम ही थांबायची सूचना हवीच, ०.१ सेकंद चालेल. ती विसरलात तर पहारेकरी दम न घेता धावत राहतो आणि प्रोसेसरचा वेळ खातो.

निकाल मुख्य प्रोग्रॅमला कळवायला पर्सिस्टंट, म्हणजे टास्कमध्ये सामायिक ठेवता येणारं ‘पर्स’ व्हेरिएबल वापरा. दोन्ही टास्कमध्ये त्याचं नाव आणि प्रकार अगदी सारखे हवेत. सुरुवातीची किंमत एकाच ठिकाणी द्या. दोन-तीन किमती एकत्र पाठवायच्या असतील तर सावध राहा: पहिली बदलली, दुसरी अजून जुनीच, अशा वेळी वाचणारा मधेच येऊ शकतो. अशा वेळी टेस्टअँडसेट या फंक्शनने कुलूप लावा, म्हणजे एका वेळी एकच टास्क त्या किमतींना हात लावेल.

टाइप ‘नॉर्मल’ असेपर्यंत प्रोग्रॅम थांबवून, एकेक ओळ चालवून चुका शोधता येतात. सगळं जमलं की टाइप ‘सेमिस्टॅटिक’ करा. मग रीस्टार्टनंतर हे टास्क आपोआप सुरुवातीपासून चालू होतं. ‘स्टॅटिक’ मात्र जिथे होतं तिथून पुढे जातं.

आणि इथेच गंमत संपते. स्टॅटिक, सेमिस्टॅटिक टास्क स्टॉप बटणाने थांबत नाही, आणीबाणीच्या लाल बटणानेही नाही. मी एकदा हवेच्या फवाऱ्याचा व्हॉल्व्ह अशाच टास्कमधून उघडत होतो. लाल बटण दाबलं. हात जागीच थांबला, फवारा सुरूच! चूक माझीच. तेव्हापासून पहाऱ्याचं टास्क पाहतं आणि सांगतं, इतकंच. धोक्याचे आउटपुट मी त्याच्या हाती देत नाही. माणसांची सुरक्षा तर त्याच्या भरवशावर मुळीच नको. ती सेफ्टी सर्किटकडे.

शेवटी टास्कची ट्रस्ट लेव्हल ही सेटिंग. पहाऱ्याचं टास्कच चुकीने थांबलं तर काय व्हावं, हे ती ठरवते. ‘नोसेफ्टी’ ठेवलंत तर पहारेकरी झोपला तरी रोबो चालत राहील. ‘सिस्स्टॉप’मध्ये नॉर्मल टास्क थांबतात, पण पुन्हा सुरू करता येतात. दाबासारख्या कामाला मी हेच निवडतो. मग मॅन्युअल मोडमध्ये, कमी वेगात, लाल बटण दाबून नेमकं काय चालू राहतं ते स्वतः पाहा.