व्हॉइस नोटमधून मुलांना इंग्रजी बोलतं कसं करावं?

वर्गात उभं केलं की ज्या मुलाच्या तोंडून इंग्रजीचा शब्द फुटत नाही, ते घरी एकटं असताना फोनवर बरंच बोलतं. व्हॉट्सॲपवर २०१३ साली आलेल्या व्हॉइस मेसेजचा इथे मोठा उपयोग होतो. पाठवण्याआधी स्वतःचं बोलणं ऐकता येतं आणि नाही पटलं तर पुसून पुन्हा बोलता येतं. खरा सराव होतो तो या न पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्येच.

आधी ग्रुप करा, पण सहा-आठ मुलांचाच. चाळीस जणांत चौघंच बोलतात. व्हॉट्सॲपसाठी किमान वय १३ आहे, त्यामुळे लहान मुलांना पालकांच्या फोनवरून बोलू द्या. मुलं मोठी असली तरी पालकांना विचाराच, कारण ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. कुणाचंही रेकॉर्डिंग बाहेर पाठवायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा.

रोज एक छोटा विषय द्या: खिडकीतून आत्ता काय दिसतंय, दप्तरात काय काय आहे. निबंधाचे विषय नकोत, मुलं पाठ केलेलं म्हणून दाखवतात. वेळ पाऊण मिनिट. कागदावर फार तर चार शब्द लिहायचे, वाक्यं नाहीत. वाचून दाखवलेलं लगेच कळतं, आवाज एका सुरात धावतो.

माइकचं बटण दाबून वर सरकवलं की रेकॉर्डिंग लॉक होतं, बोट धरून ठेवावं लागत नाही. मग थांबवायचं, ऐकायचं, हवं तर पुन्हा बोलायचं. पण तीनदाच. त्यापुढे मूल चुकाच मोजत बसतं.

आता सगळ्यात नाजूक काम, चूक सुधारणं. मूल म्हणालं, ‘येस्टरडे आय गो टू द मार्केट’, तर ‘गो नाही, वेंट’ असं ग्रुपवर लिहू नका. उलट आवाजातच विचारा, ‘ओह, यू वेंट टू द मार्केट! व्हॉट डिड यू बाय?’ बरोबर रूप कानावर पडतं आणि उत्तर द्यायला मूल पुन्हा बोलतं. एका वेळी एकच चूक घ्या.

उच्चाराचं मात्र वैयक्तिक चॅटवर सांगा. बोलताना ‘व्हेरी’ (very) आणि ‘वेल’ (well) दोन्हीकडे आपण बऱ्याचदा एकच व वापरतो. ‘व्हेरी’ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘वेल’ला ओठ गोल होतात. हे बोलून पाठवलंत तर मूल हवं तितक्यांदा ऐकू शकतं.

दोन आठवड्यांनी जोड्या लावा: एकानं बोलायचं, दुसऱ्यानं त्यावर प्रश्न विचारायचा. जोडी रुळली की पाच मिनिटांचा थेट कॉल, कारण तिथे पुसायची सोय नसते.

प्रत्येकाचं पहिलं रेकॉर्डिंग स्टार करून ठेवा. महिन्यानं तोच विषय पुन्हा द्या आणि दोन्ही रेकॉर्डिंग त्या मुलाला एकामागोमाग ऐकवा. काय बदललं ते त्यालाच सांगू द्या, इंग्रजीत.