गुगल ॲड्समध्ये ॲड कॉपी (ॲडचा मजकूर) टेस्ट करताय? या चुका टाळा

दोन ॲड टाकल्या, आठवड्याने सीटीआर (ॲड जितक्या वेळा दिसली त्यातल्या किती टक्के वेळा क्लिक झालं) बघितला, एकीचा 6 टक्के आणि दुसरीचा 4, म्हणून दुसरी पॉज केली. बहुतेक अकाउंटमध्ये टेस्टिंग म्हणजे एवढंच असतं. पण आधी इम्प्रेशनचा, म्हणजे ॲड किती वेळा दिसली त्याचा, कॉलम बघा की! एकीला 9000 आणि दुसरीला 700 असतील तर ती टेस्ट झालीच नाही, गुगलने स्वतःच एकीला पुढे केलं आणि तुम्ही तिला विनर म्हणताय. ॲड रोटेशन (कुठली ॲड किती दाखवायची ते सेटिंग) बदलून फायदा नाही, कारण स्मार्ट बिडिंग (गुगलने आपोआप बोली लावणं) चालू असेल तर ते सेटिंग धरलंच जात नाही. गुगल ॲड्सच्या एक्सपेरिमेंट्समध्ये ॲड व्हेरिएशन (मूळ ॲडचा मजकूर बदलून तपासायची सोय) आहे ते वापरा, तिथे ट्रॅफिक 50-50 वाटता येतं.

दुसरी चूक म्हणजे घाई. समजा ठाण्यात आरओ फिल्टर रिपेअरची ॲड आहे, एका कॉपीला 100 क्लिकवर 4 कॉल आले आणि दुसरीला 100 वर 7. जवळजवळ दुप्पट वाटतं ना? पण एवढ्या आकड्यांवर हा निव्वळ योगायोगही असू शकतो, पुढच्या आठवड्यात उलटंही होऊ शकतं. एवढा फरक भरवशाने पकडायचा तर प्रत्येक बाजूला साधारण 900 क्लिक लागतात, आणि छोट्या बजेटला तेवढे जमायला महिने जातात. म्हणून 'आजच कॉल करा' विरुद्ध 'आत्ताच कॉल करा' असल्या टेस्टमध्ये पैसे घालवू नका प्लीज. मुद्दाच वेगळा ठेवा, एकीकडे व्हिजिट चार्ज स्पष्ट लिहा, दुसरीकडे त्याच दिवशी टेक्निशियन येईल हे लिहा.

आणि त्या चार्जवरूनच, नुसत्या सीटीआरवर निकाल लावू नका. 'फ्री व्हिजिट' लिहिलं की क्लिक धो धो येतात, पेजवर गेल्यावर अटी वाचून लोक परत जातात आणि क्लिकचे पैसे मात्र तुमचे गेलेले असतात. चार्ज लिहिलेल्या ॲडला क्लिक कमी येतील पण एक कॉल कितीला पडला ते बघा, मग बोला.

रिस्पॉन्सिव्ह ॲडमध्ये (यात गुगल तुमच्या हेडलाइन स्वतः जुळवून दाखवतं) 15 हेडलाइन टाकता येतात पण एका वेळी जास्तीत जास्त 3 दिसतात, त्यामुळे जो मुद्दा टेस्ट करताय तो दिसेलच याची गॅरंटी नाही. त्याच मुद्द्याच्या दोन-तीन हेडलाइन पोझिशन 1 ला पिन करा, म्हणजे पहिल्या जागी पक्क्या करा. ॲड स्ट्रेंग्थ (गुगलने ॲडला दिलेला शेरा) खाली येईल, येऊ द्या, ऑक्शनमध्ये (कुठली ॲड दिसेल ते ठरवणाऱ्या लिलावात) ती थेट मोजली जात नाही. उगाच सगळे तिला घाबरतात.

बाकी नेहमीचंच, टेस्ट चालू असताना लँडिंग पेज (क्लिकनंतर उघडणारं पेज) बदलू नका, फक्त दिवाळीच्या आठवड्यावरून वर्षभराचा निष्कर्ष काढू नका, मोबाइल आणि डेस्कटॉप वेगळे करून बघा, आणि सर्च पार्टनर्सचे (गुगलच्या ॲड दाखवणाऱ्या इतर साइट्सचे) आकडे पण वेगळे काढा कारण तिथला सीटीआर भलताच असू शकतो.

व्हेरिएशनला इम्प्रेशनच येत नसतील तर ॲड रिव्ह्यूमध्ये अडकलीये का किंवा डिसअप्रूव्ह झालीये का ते बघा, आणि व्हेरिएशन बनवताना फाइंड-रिप्लेसमध्ये शोधायला दिलेला मजकूर मूळ ॲडमध्ये जसाच्या तसा आहे ना ते पण.

एवढं करून दोन्ही कॉपी सारख्याच पडत असतील तर कॉपी सोडा आणि सर्च टर्म्स रिपोर्ट (लोकांनी नेमकं काय शोधलं त्याची यादी) उघडा. 'नवीन आरओ किंमत' शोधणारे लोक रिपेअरच्या ॲडवर येत असतील तर आधी 'किंमत' आणि 'नवीन' निगेटिव्हमध्ये (ज्या शब्दांवर ॲड दाखवायची नाही त्या यादीत) टाका, टेस्ट नंतर.